उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, तरी आई सावरत नाही. या अवस्थेकडे कसे पाहावे?

रानजाई

माझी आई ४९ वर्षांची आहे आणि आम्ही नाशिकला राहतो. गेल्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ आढळली, बायॉप्सीत कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले आणि त्यानंतर केमोथेरपी, स्तन काढण्याची शस्त्रक्रिया व रेडिएशन असे सगळे टप्पे एकामागून एक पार पडले. आता आजार परतू नये म्हणून टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी तेवढी सुरू आहे. डॉक्टर समाधानी आहेत, तपासण्यांचे निकाल चांगले आहेत, नातेवाइकांनी पेढे मागूनही झाले आहेत. आई मात्र उपचार चालू असताना जितकी खंबीर होती तितकीच आता खचलेली दिसते आणि हे उलटे गणित घरात कोणालाच उलगडत नाही.

केमोच्या दिवसांत ती स्वतःच्या वहीत तारखा, रक्ततपासणीचे आकडे, कोणती गोळी कधी घेतली हे सगळे लिहून ठेवत असे. भेटायला आलेल्यांनाच ती धीर देई. आता ती पहाटे तीनच्या सुमारास उठून हॉलमध्ये बसून राहते. न्हाणीघरातला दिवा न लावता अंघोळ करते. कपाटाच्या आरशावर तिने जुनी ओढणी टाकून ठेवली आहे. भिशी आणि भजनी मंडळ दोन्ही सुटले, कारण बायका बोलताना चेहऱ्याकडे न बघता पदराकडे बघतात असे ती म्हणते.

याहून अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. माझ्या मावशीने तिला सांगितले की, तू आयुष्यभर सगळे मनात ठेवून कुढत राहिलीस, म्हणून हे दुखणे मागे लागले. दुसरीकडे काका रोज ‘विचार बदला, आजार पळवा’ अशा धर्तीचे व्हिडिओ पाठवतात. आईने दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या आहेत. परवा ती मला म्हणाली, “मला धड रडताही येत नाही गं. रडले आणि ते परत आले तर?”

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेसाठी एक आणि ‘मनासाठी’ एक अशा दोन गोळ्या लिहून दिल्या. झोपेची ती कधीमधी घेते. दुसरीला तिने अजून हात लावलेला नाही, कारण एकदा ती सुरू केली की वेडाचा शिक्का बसेल असे तिला वाटते. बाबा औषधे, फाइल, फळे, रुग्णालयाच्या फेऱ्या सगळे सांभाळतात, पण विषय निघाला की उठून बाहेर जातात.

मनात कुढल्यामुळे हा आजार होतो किंवा उलटतो, यात काही तथ्य आहे का? आईची ही अवस्था स्वाभाविक समजून वाट पाहावी की तिला उपचारांची गरज आहे, हे कसे ओळखावे? आणि टॅमॉक्सिफेनसोबत मनासाठीची औषधे चालतात का? जाणकारांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी कृपया लिहावे.

समुपदेशिका_पुणे

रानजाई, मी एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. तुमच्या आईंना न भेटता त्यांच्याविषयी निदान करणे योग्य होणार नाही, परंतु तुम्ही लिहिलेल्या बहुतेक गोष्टी आमच्या रोजच्या कामातल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मावशींच्या म्हणण्याविषयी, कारण तो आरोप आईंच्या मनावरून लवकरात लवकर उतरायला हवा. राग आणि दुःख गिळणाऱ्या स्वभावाच्या बायकांना स्तनाचा कर्करोग होतो ही समजूत जुनी आहे. काही संशोधकांनीही एके काळी तशी सांगड घालून पाहिली होती. मोठ्या अभ्यासांत ती टिकलेली नाही. ब्रिटनमधील सुमारे १,०६,००० स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात वारंवार जाणवणारा ताण आणि स्तनाचा कर्करोग यांच्यात कार्यकारण सुचवील असा संबंध आढळला नाही. वाढते वय, काही आनुवंशिक दोष, पाळी लवकर सुरू होणे किंवा उशिरा जाणे, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान यांचा वाटा सिद्ध झालेला आहे. पण एखाद्या विशिष्ट रुग्णाच्या बाबतीत ‘अमुक कारणाने झाला’ असे बोट ठेवून बहुधा सांगता येत नाही. ही रिकामी जागा माणसांना सहन होत नाही आणि मग स्वभावावर बोट ठेवले जाते. ‘ती कुढत होती, मी कुढत नाही, म्हणजे मला होणार नाही’ असा एक छुपा दिलासाही त्यात असतो, हे मावशींशी बोलताना ध्यानात ठेवलेत तर तुमचा सूर आपोआप मऊ होईल.

उपचार संपल्यावर माणूस खचतो यात उलटे काहीच नाही. उपचारांच्या काळात दर दोन-तीन आठवड्यांना एक ठरलेले काम असते, डॉक्टर आणि परिचारिका भेटत असतात, घरातली माणसे भोवती असतात आणि पुढचा टप्पा पार पाडणे एवढेच लक्ष्य असते. ते वेळापत्रक अचानक थांबते, माणसे ‘आता बरी झालीस’ म्हणून आपापल्या कामाला लागतात आणि आपल्या बाबतीत काय घडून गेले याचा विचार करायला त्या बाईला प्रथमच सवड मिळते. लंडनमध्ये प्राथमिक अवस्थेतील स्तनाचा कर्करोग असलेल्या २२२ स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. निदानानंतरच्या पहिल्या वर्षात जवळजवळ निम्म्या जणींना नैराश्य, चिंताविकार किंवा दोन्हींचा त्रास झाला. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी हे प्रमाण २५ टक्के होते, तर पाचव्या वर्षी १५ टक्के. म्हणजे बहुसंख्य स्त्रिया सावरतात, परंतु बऱ्याच जणींना वेळ लागतो.

याच अभ्यासातील दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. गाठ किती मोठी होती, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणते उपचार मिळाले, यांवरून कोणाला नैराश्य येईल हे ठरत नव्हते. ज्यांना पूर्वी मानसिक त्रासासाठी उपचार घ्यावे लागले होते, ज्यांचे वय कमी होते, ज्यांच्यावर आजाराखेरीज दुसरे मोठे आघात झाले होते आणि ज्यांना मन मोकळे करता येईल असे जवळचे माणूस नव्हते, त्यांचा त्रास लांबत होता. भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत सरासरी दहा वर्षे लवकर गाठतो, म्हणजे ज्या वयात घरातली मुले शिकत असतात, सासू-सासऱ्यांचे करायचे असते आणि स्वतःच्या दुःखाला रांगेत शेवटचा क्रमांक असतो, नेमक्या त्या वयात. ‘सगळे काही करणारे’ घर आणि ‘मनातले बोलता येईल असे’ घर यांत फरक असतो. आईंना पहिले लाभले आहे. दुसरे आहे का, ते तुम्ही सांगू शकाल.

स्वाभाविक दुःख आणि उपचार लागणारे नैराश्य यांतील रेषा या आजारात ओळखणे अवघड जाते, कारण थकवा, भूक मंदावणे, झोप उडणे, काही लक्षात न राहणे ही नैराश्याची लक्षणे केमोच्या परिणामांशी हुबेहूब जुळतात. हीच अडचण ओळखून झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये रुग्णालयांतील रुग्णांसाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यातून शारीरिक लक्षणे मुद्दाम वगळली. आम्हीही अंगातल्या लक्षणांपेक्षा पुढील गोष्टींकडे जास्त लक्ष देतो: आवडत्या गोष्टीतला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ पार नाहीसा झाला आहे का, चांगली बातमी ऐकूनही मन हलत नाही का, आपण घरावर ओझे आहोत असे सतत वाटते का, पुढचे काही दिसतच नाही असे बोलणे होते का. आईंचे मंडळ सुटणे, आरसा झाकणे आणि आजाराचा दोष स्वतःकडे घेणे हे पाहता मी वाट पाहा असे म्हणणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी असेच सुचवीन.

त्याआधी दोन कामे घरीच करण्यासारखी आहेत. ‘सगळे संपले तर बरे असे कधी मनात येते का’ हा प्रश्न त्यांना सरळ, शांतपणे विचारा. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आधीच असलेला विचार बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर झोपेच्या गोळ्यांचा साठा स्वतःच्या ताब्यात घ्या, त्यांना एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. दुसरे काम म्हणजे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. केमोमुळे या वयात बहुधा पाळी थांबते, टॅमॉक्सिफेनमुळेही अंगातून गरम वाफा येतात, आणि पहाटे तीनला उठण्यामागे मनाइतकाच याही गोष्टीचा हात असू शकतो. उठल्यावर त्यांचा ब्लाऊज घामाने भिजलेला असतो का, एवढे पाहा.

खलबत्ता

माझे औषधांचे दुकान आहे, त्यामुळे फक्त औषधांबद्दल लिहितो. बाकीच्या विषयावर वरच्या ताईंनी लिहिलेच आहे.

टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचे एंडॉक्सिफेनमध्ये रूपांतर करते आणि कर्करोगावरचे बरेचसे काम हे एंडॉक्सिफेन करते. नैराश्यावरची काही औषधे नेमके हेच विकर अडवतात. त्यांत पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही दोन ठळक नावे आहेत, बुप्रोपिऑनही त्याच गटात मोडते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात टॅमॉक्सिफेनसोबत नैराश्यावरचे एकच औषध घेणाऱ्या २,४३० स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या; २०१० मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार पॅरोक्सेटिन जितका जास्त काळ सोबत घेतले गेले, तितका स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू होण्याचा धोका वाढलेला दिसला. सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम सारखा दिसलेला नाही, पण पर्याय हाताशी असताना धोका पत्करण्याचे कारण नाही, अशी आज सर्वसाधारण रीत आहे.

पर्याय चांगले आहेत. व्हेनलाफॅक्सिन या विकराला फारसे अडवत नाही आणि गरम वाफाही कमी करते, म्हणून अशा रुग्णांत ते पुष्कळदा निवडले जाते. एस्सिटालोप्रामही वापरले जाते. टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल घेणाऱ्यांच्या बाबतीत ही विशिष्ट अडचण येत नाही. तेव्हा ‘मनासाठीच्या गोळी’च्या पाकिटावर घटकाचे नाव काय आहे ते बघा, ब्रँडचे नाव नको, त्याखाली बारीक अक्षरांत असते ते. आणि हा धागा वाचून कोणी सुरू असलेली गोळी परस्पर बंद करू नये. पॅरोक्सेटिन एकदम थांबवले तर चक्कर, बेचैनी, झोपेत दचकणे असा त्रास होतो; बदल डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने करायचा असतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना कर्करोगाची फाइल आणि कर्करोगतज्ज्ञांकडे जाताना मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी सोबत न्यावी. आमच्या काउंटरवर येणाऱ्या निम्म्या भानगडी, या दोन डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या माहीत नसतात म्हणून होतात.

नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा चढत नाही. सवय लागण्याची चिंता खरे तर झोपेच्या गोळीबाबत करायला हवी, आणि नेमकी तीच आपल्या आई निःशंकपणे घेत आहेत.

पाटीपेन्सिल

मी सातारा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षिका आहे. माझाही उजवा स्तन काढलेला आहे, त्यामुळे आरशावरच्या ओढणीबद्दल वाचून लिहावेसे वाटले.

रानजाई, ती ओढणी काढू नकोस आणि काढायला सांगूही नकोस. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटते तेव्हा छातीच्या एका बाजूला सपाट, ताणलेली कातडी आणि काखेपर्यंत गेलेला टाक्यांचा आडवा वण दिसतो. त्यावर रेडिएशन झाले की ती जागा कित्येक आठवडे करपल्यासारखी काळी पडते. तिथली संवेदना गेलेली असते, म्हणजे स्वतःच्याच अंगाला हात लावला तर दुसऱ्या कोणाचे अंग लागल्यासारखे वाटते. हे पाहण्याची प्रत्येकीची वेळ वेगळी असते. मला रुग्णालयातील एका परिचारिकेने सुचवले होते की, आधी न बघता नुसते खोबरेल तेल लावत जा, हाताला ओळख होऊ दे, डोळ्यांचे मागाहून बघू. त्याचा मला उपयोग झाला.

बायका पदराकडे बघतात हे तुझ्या आईच्या मनाचे खेळ नाहीत, त्या खरोखर बघतात. कोणती बाजू काढली याचा अंदाज घेत असतात बिचाऱ्या. यावर एक साधा उपाय आहे आणि तो आईला कोणी सांगितला नसावा, कारण आपल्याकडे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बहुधा तो विषय काढत नाहीत. कृत्रिम स्तन मिळतात. सिलिकॉनचे वजनदार असतात आणि महागही पडतात, पण सुती दोऱ्याने विणलेले, आत कापूस भरलेले हलके स्तनही मिळतात आणि काही स्वयंसेवी गट ते विनामूल्य देतात. ते अंगाला घाम येऊ देत नाहीत आणि हाताने धुता येतात. शिंपिणीकडून ब्लाऊजला आतून खिसा शिवून घ्यायचा, की ते सरकत नाही. रुमालाच्या घड्या कोंबून बाहेर पडले आणि बसमध्ये दांडा धरायला हात वर केला की त्या घड्या गळ्याशी येतात. ती धास्ती असेल तर भजनी मंडळात टाळ वाजवायला कोण जाईल? तुझी आई मंडळात का जात नाही, याचे उत्तर कदाचित इतके व्यवहाराचे असेल. नंतर स्तनाची पुनर्रचना करण्याचीही शस्त्रक्रिया असते. ती करायची की नाही हा सर्वस्वी आईचा निर्णय, पण तसा पर्याय आहे हे तिला माहीत असावे.

केसांबद्दल तू लिहिले नाहीस. माझ्या आजीच्या पिढीने केशवपन केलेल्या बायका घराघरांत पाहिलेल्या होत्या, आणि माझे केस गेल्यावर आमच्या जुन्या शेजारीण बाई मला पाहून काही न बोलता आत निघून गेल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल ते मला कळले. केस परत येतात, पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्या वर्षी आले नाही ते आलेच नाही. कोणी ताट-वाटी वेगळी ठेवते, कोणी नातवंडांना जवळ येऊ देत नाही. हा आजार संसर्गजन्य नाही आणि बाहेरून दिलेल्या किरणांचा अंश अंगात उरत नाही, हे तुझ्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तू स्वतः सांग. ते आईने सांगायचे म्हणजे तिनेच आपली वकिली करायची.

स्वरांगी

वरील सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही एक वेगळे मत नोंदवते. सकारात्मक विचारांची येथे जरा जास्तच हेटाळणी होत आहे असे वाटते. माझ्या बहिणीचा आजार दुसऱ्या टप्प्यात सापडला होता. पहिल्या दिवसापासून तिने ‘मी यातून बाहेर येणार’ असे ठरवले, रोज प्राणायाम केला, रडक्या माणसांना घराबाहेर ठेवले आणि आज ती नोकरी करते आहे. मन खचले तर शरीर कसे लढणार? काकांचे व्हिडिओ बाळबोध असतील, पण त्यांचा हेतू आणि आशयही चुकीचा म्हणता येणार नाही. आईंना थोडे ढकलण्याची गरज असू शकते.

समुपदेशिका_पुणे

स्वरांगी, तुमच्या बहिणीचे मनापासून अभिनंदन. त्यांना जे उपयोगी पडले ते त्यांनी करावेच. प्राणायाम, योगासने, रोजचे चालणे यांनी थकवा, झोप आणि चिंता यांत फरक पडतो याला चांगला आधार आहे आणि मी स्वतः ते सुचवते. माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे: ‘मन खंबीर असेल तर आजार परतत नाही’ या विधानाला.

कारण ते तपासले गेलेले आहे. १९७९ मध्ये लंडनच्या ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की, लढाऊ वृत्तीने आजाराला सामोऱ्या जाणाऱ्या स्त्रिया अधिक काळ जगतात. अभ्यास अगदी लहान होता, पण कल्पना इतकी आकर्षक होती की ती जगभर पसरली. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ५७८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या संशोधकांत ग्रीअर स्वतःही होते. लढाऊ वृत्तीचा जगण्या-वाचण्याशी काहीही संबंध त्यांना आढळला नाही. पूर्ण हताशपणा आणि तीव्र नैराश्य असलेल्यांची स्थिती मात्र काहीशी वाईट होती. यातून ‘हसत राहा’ असा अर्थ निघत नाही. नैराश्य आले तर त्यावर उपचार करा, एवढाच निघतो. नैराश्यात गोळ्या चुकतात, तपासण्या टळतात, आणि टॅमॉक्सिफेनसारखे औषध वर्षानुवर्षे नेमाने घ्यायचे असते, हे त्यामागील एक सरळसाधे कारण असू शकते.

गट-उपचारांचेही असेच झाले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ स्पीगल यांनी १९८९ मध्ये जाहीर केले की, शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला गटात बसून मन मोकळे करत होत्या, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि इतर १८.९ महिने. साहजिकच मोठी खळबळ उडाली. कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग काटेकोरपणे केला गेला, २००१ मध्ये निष्कर्ष आले आणि आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या प्रयोगातही एकंदरीत दिसले नाही. परंतु कॅनडातील त्या प्रयोगात गटात बसणाऱ्या स्त्रियांची मनःस्थिती सुधारली आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या, विशेषतः ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना. माझ्या दृष्टीने एवढा लाभ पुरेसा आहे. मनाचा त्रास कमी करायला ‘आयुष्य वाढेल’ हे आमिष कशाला हवे? तुमच्या पायाला काटा टोचला तर तो काढण्यापूर्वी कोणी त्याने आयुर्मान वाढेल का असे विचारत नाही.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ पासून मानसोपचार सेवा उभी करणाऱ्या जिमी हॉलंड यांनी सकारात्मक राहण्याच्या या सक्तीला जुलूमच म्हटले होते. त्यांच्यासमोर अशा स्त्रिया येत, ज्या आजाराने दुःखी होत्याच, शिवाय आपण दुःखी आहोत या अपराधानेही दबलेल्या होत्या. रानजाईंच्या आई नेमक्या तिथे उभ्या आहेत. त्यांना ढकलण्याची गरज नाही. रडण्याची मुभा हवी आहे, आणि ती मुभा द्यायला माझ्या मते सर्वांत योग्य व्यक्ती त्यांचे कर्करोगतज्ज्ञ ठरतील. पुढच्या भेटीत तुम्ही डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा आणि आईंसमोर विचारा, “रडल्याने आजार परत येतो का?” डॉक्टरांच्या तोंडचे ‘नाही’ हे आपल्या सगळ्यांच्या प्रतिसादांपेक्षा वजनदार असते.

चढणीचा_रस्ता

बाबांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मी त्यांच्याच जागी होतो. आमच्या पिढीच्या पुरुषांना काम सांगितले तर करता येते, ‘बोला’ म्हटले की अवघडते. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेतून निघणारे पाणी ज्या पिशवीत साठते, ती रिकामी करून किती मिलिलिटर भरले ते लिहून ठेवण्याचे काम मला परिचारिकेने शिकवले. त्या निमित्ताने वण आम्ही दोघांनी एकत्रच पाहिला, वेगळे धाडस करावे लागले नाही. तुमच्या बाबांनाही असेच काम द्या. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ नये म्हणून व्यायाम आणि मालिश असते. फिजिओथेरपिस्टकडून ते बाबांनी शिकून घ्यावे.

आणखी एक गोष्ट तरुण मुलीला सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. अशा उपचारांनंतर कोरडेपणामुळे शरीरसंबंध त्रासदायक होतात, पतीला वाटते तिला दुखेल आणि पत्नीला वाटते आपण नकोशा झालो, आणि दोघे वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागतात. यावर डॉक्टरांकडे उपाय आहेत; फक्त संप्रेरके असलेले मलम कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नये. हे बाबांना तुम्ही सांगू शकणार नाही. डॉक्टरांना सांगता येईल की, दोघांशी वेगळे बोला.

रानजाई

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. खलबत्ता काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाकीट पाहिले, बारीक अक्षरांत पॅरोक्सेटिनच लिहिलेले निघाले. आईने ते सुरू केलेले नसल्यामुळे बंद करण्याचा प्रश्न आला नाही. आता मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि सोबत पूर्ण फाइल नेणार आहे. ‘संपले तर बरे’ हा प्रश्नही विचारला. तसे काही मनात नाही, पण “तुम्हाला माझे किती करावे लागते” असे म्हणून ती बराच वेळ रडली आणि या वेळी मी तिला गप्प केले नाही. ब्लाऊजही पाहिला, तो खरोखर भिजलेला असतो. पाटीपेन्सिल काकू, विणलेल्या स्तनाबद्दल ऐकून ती प्रथम चिडली आणि रात्री मला हळूच विचारले की, ते पांढरेच मिळतात का.

आता दोन शंका उरतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी आहे आणि तारीख कळल्यापासून तिची उरलीसुरली झोपही गेली. शिवाय मानसोपचारांचा खर्च विम्यात बसतो का?

समुपदेशिका_पुणे

विम्याचे आधी सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे असते. पण पॉलिसी केवळ रुग्णालयात दाखल होण्यापुरती असेल, तर बाह्यरुग्ण भेटींचा खर्च त्यात येणार नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, तिथे शुल्क अगदी नाममात्र असते.

तपासणीपूर्वीची ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते आणि ती पूर्णपणे जात नाही. आजार परतण्याची शक्यता कमी असली तरी शून्य नसते, त्यामुळे ‘काही होणार नाही’ असे आश्वासन आईंना पोकळ वाटेल. त्यापेक्षा व्यवस्था बदला. सकाळची पहिली वेळ मागा, अहवाल त्याच दिवशी मिळेल का ते आधी विचारून घ्या आणि मिळणार नसेल तर कोणत्या दिवशी, कोणाकडून कळेल हे लिहून आणा. अहवाल हाती आल्यावर तो डॉक्टरांच्या आधी इंटरनेटवर कोणी वाचायचा नाही, असे घरात ठरवा. भीतीविषयी बोलायला दिवसातला ठरावीक अर्धा तास द्या, संध्याकाळचा, झोपण्याच्या वेळेपासून दूर. अंथरुणात पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर त्यांनी उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आली की परत यावे. हॉलमध्ये बसण्याची त्यांची सवय त्या दृष्टीने बरोबरच आहे, फक्त तिथे मोबाइल नको. निद्रानाशावर यासाठीचे खास वर्तनोपचार आहेत आणि कर्करोगाच्या रुग्णांत त्यांचा चांगला उपयोग होतो, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांना त्याविषयी अवश्य विचारा. गरम वाफांसाठी खोली गार ठेवा आणि उशाशी कोरडा सुती ब्लाऊज ठेवा.

पाटीपेन्सिल

पांढरेच नाही, त्वचेच्या रंगाचे मिळतात, गुलाबी आणि जांभळेही मिळतात. ब्लाऊजच्या मापासोबत ब्राचे मापही कळवावे लागते, ते आईला घेऊ दे. आणि खिसा शिवताना शिंपिणीला कापड सुतीच घ्यायला सांग, नायलॉन टाक्यांच्या वणाला खाजते.